धुरेवरची जागा

माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि स्वभावानं माझ्याहून दहापट चांगला. आज हे लिहिताना माझा हात थांबत नाही, पण ज्या वर्षाची गोष्ट सांगते त्या वर्षी गळा धरला असता तरी हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं. त्या वर्षी मला त्याचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, जेवताना घास घशात अडकावा असा.

हेवा कशाचा, तर बैलांच्या छकड्यावरच्या हातभर जागेचा. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगावी शंकरपट भरतात. हलका छकडा, त्याला जुंपलेली जोडी, आणि सरळ पट्टीवर जीव खाऊन धाव. छकड्याच्या धुरेवर बसून जोडी हाकणारा तो धुरकरी. पटाच्या दिवशी गावात सरपंचाला कोणी विचारत नाही, धुरकऱ्याला विचारतात. आमच्या घरची जोडी होती एक पांढरा आणि एक कोसा, म्हणजे कोशाच्या रेशमासारखा भुरा. चामोर्शीच्या अलीकडे आमचं गाव, पण पार धानोरा-कुरखेड्याकडचे शौकीनही ही जोडी पाहायला यायचे. बाबा त्या दोघांना आमच्याआधी जेवू घालायचे, यात अतिशयोक्ती नाही.

त्या वर्षी आमच्या जुन्या धुरकऱ्यानं हात जोडले. डोळ्यांत मोतीबिंदू आलेला. बाबांना म्हणाला, "पाटील, आता मले एका बैलाले दोन शेपट्या दिसतेत. कोन्ती धरू?" सगळे हसले, बाबा हसले नाहीत. धुरेवरची जागा रिकामी झाली होती.

आता माझं ऐका. दोन वर्षं त्या जोडीचा सराव मी घेत होते. बाबांचा गुडघा गेलेला, भाऊ चंद्रपूरला मामाकडे राहून आयटीआय करत होता. मग सकाळी नदीच्या रेतीतून जोडी पळवायची कोणी? मी. मी तेव्हा बारावी नापास होऊन घरीच होते, म्हणजे घरच्यांच्या मते रिकामी होते. बैलांना सरकीची ढेप मी घालायची, गोमाश्या मी मारायची, संध्याकाळी चरून आले की फाटकाशी उभं राहून हाक मी मारायची. जिभेनं दोनदा टक् टक्, आणि मग लांब 'होऽऽऽ'. ती हाक कानावर पडली की दोघं असतील तिथून शेपट्या वर करून पळत माझ्याकडे. छकड्यावर बसून तीच हाक मारली की वारं प्यायल्यासारखे समोर सुटायचे. हे बाबांना ठाऊक होतं. गावाला ठाऊक नव्हतं. सरावाला पोरगी चालते, पटाला चालत नाही, हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण होता.

तरीही मला आशा होती. वेडीच होते. मला वाटायचं, बाबा येत्या पटाला सगळ्यांसमोर म्हणतील, 'बसेल तर हीच बसेल.' रात्रंदिवस मी त्या एका वाक्याची वाट पाहत होते.

आणि मग महाशिवरात्रीला आम्ही मार्कंड्याच्या जत्रेला गेलो, आणि तिथं ती मोटार होती.

नदीच्या वाळूत आकाशपाळण्याच्या पलीकडे एक काळा पडदा लावलेला खोका होता. बल्लारपूरचे एक चाचा, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे, त्यांनी कुठून तरी गाडी चालवण्याच्या खेळाची जुनी मशीन मिळवली होती. समोर टीव्ही, टीव्हीत रस्ता, तुमच्या हातात खरं स्टिअरिंग, पायाखाली रेस आणि ब्रेक. एवढं तर चंद्रपूरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातही असायचं. पण चाचांनी आपलं डोकं चालवलं होतं. खुर्चीखाली त्यांनी आटाचक्कीची जुनी मोटर बसवली होती. गाडी रस्त्याखाली उतरली की खुर्ची हाडं खिळखिळी होईपर्यंत हादरायची. टीव्हीच्या बाजूला टेबलफॅन होता, आणि तो रेसच्या पायडलला असा जोडलेला, की जितकी रेस दाबाल तितका वारा तोंडावर. फॅनच्या जाळीला डिझेलमध्ये भिजवलेली एक चिंधी बांधलेली. म्हणजे वारा यायचा तो मोटारीचा वास घेऊनच यायचा. तीन बाजूंनी काळा पडदा, की जत्रा दिसू नये.

लोक रांग लावून होते. बाया तर पडद्यातून डोकावूनच किंचाळत होत्या. एक म्हातारी बसली नाही, नुसती मागं उभी राहिली, तरी समोरून ट्रक आला तशी 'अगं मायऽ' करून बाजूला उडी मारून तिसऱ्याच्याच पायावर पडली. चाचा गंभीरपणे म्हणाले, "देखा, टिकट बिना ॲक्सिडंट."

आयटीआयच्या सुट्टीत घरी आलेला भाऊ बसला. तो चंद्रपुरात हा खेळ खेळलेला होता, हे त्यानं सांगितलं, पण बाबांनी ऐकलं नाही. बाबा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागं उभे राहिले, मी त्यांच्या बाजूला. रस्ता सुरू झाला. भाऊ पोहे खात बसल्यासारखा बसला होता. अंग हलेना, पापणी लवेना, फक्त मनगटं इकडून तिकडं. वळण आलं, त्यानं वळवलं. ट्रक आला, त्यानं चुकवला. हलत होतो ते आम्ही. वळणावर बाबा उजवीकडे कलले, मी कलले, मागची पंधरा माणसं कलली. पुलावर गाडी चढली तेव्हा बाबांनी श्वास धरला, ते मला ऐकू आलं. फॅनचा वारा त्यांच्या मिशीला लागत होता आणि बाबा, माझे बाबा, ज्यांना बैल विकणाऱ्यानं कधी फसवलं नाही, ते खोक्यातल्या रस्त्यावर भान हरपून चालले होते. "हो राजा! हो! धर, धर, आता सोड!" ते ओरडत होते. माझ्यासाठी ते असे एकदाही ओरडले नव्हते.

रस्ता संपला, घंटा वाजली, लोकांनी टाळ्या पिटल्या. बाबांनी भावाच्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"पाह्यलं का?" ते मला म्हणाले, जसं काही मी आंधळी होते. "पापणी नाई लवली पोट्ट्याची. येवढ्या वेगात! यंदा धुरेवर हाच."

मला आधी वाटलं थट्टा करताहेत. मग त्यांचं तोंड पाहिलं. थट्टा नव्हती.

"बाबा," मी म्हटलं, "ते मोटार आहे. तिले ना शेपूट, ना कान. अन् तेही टीव्हीतली."

"हात तर हात असते न," बाबा म्हणाले. "काळीज तर काळीज असते."

आता सांगा, जगात दुसरीकडे कुठं कोणी मोटारीचा खेळ पाहून बैलांचा धुरकरी नेमला असेल? पण मी तेव्हा हसू शकले नाही. बाबांनी त्या पडद्याआड खरंच आपला पोरगा वाऱ्यावर गाडी हाकताना पाहिला होता. डोळ्यांनी पाहिला, अंगानं पाहिला. त्यांच्यासाठी ते झालंच होतं. माझी दोन वर्षं त्यांनी गोठ्यातून अर्धवट झोपेत ऐकली होती, पाहिली कधीच नव्हती.

"मी पण बसते," मी म्हटलं.

"तू?"

"हो, मी. काऊन, खुर्ची बाटेल का?"

बसले. आणि काय सांगू, त्या खुर्चीत बसताक्षणी माझी जत्रा गेली. वारा तोंडावर आला, डिझेलचा वास नाकात गेला, खाली घरघर सुरू झाली, आणि मी तिथं होते. कुठं, ते नका विचारू. मोटारीत नव्हते, कारण मोटारीत मी आयुष्यात बसलेली नव्हते, एसटी सोडली तर. मी छकड्यावर होते. माझा एक पाय आपोआप खुर्चीवर दुमडला गेला, जसा धुरेवर दुमडतात. अंग पुढं झुकलं. रस्ता अंगावर येऊ लागला तशी माझी जीभ टक् टक् वाजली, आणि मी सगळ्या जत्रेला ऐकू जाईल अशी हाक मारली, 'होऽऽऽ!' डावा हात कोशाच्या शेपटीला गेला. तिथं काळा पडदा होता. मी तो पिळला.

मागं हशा फुटला. मला ऐकू आला, पण लांबून. वळण आलं. तळ्याच्या पाळीवरून घराकडे येताना असंच वळण आहे, आणि तिथं बैलांना कधी वळवावं लागत नाही. कासरा सैल सोडला की ते आपले घर ओळखून वळतात. मी स्टिअरिंग सैल सोडलं. गाडी सरळ गेली, झाडावर आदळली, खुर्ची अशी हादरली की माझे दात वाजले.

बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाबा हसत नव्हते, ते इकडं तिकडं पाहत होते, ओळखीचं कोणी आहे का म्हणून. त्यापेक्षा ते हसले असते तर बरं झालं असतं. आणि भाऊ हळूच वाकून म्हणाला, "बाई, सैल नोको सोडू. इले काही कळत नाई. हे मेलेली गाडी आहे." तो मला मदत करत होता. मला त्याच्या त्या मदतीचा असा संताप आला, की पुन्हा चालवायची सोडून मी उठलेच.

आमचा मुक्काम वाळूतच होता, गाडीखाली ताडपत्री लावून. सकाळी उजाडल्यावर बाबा आंघोळीला नदीत उतरले आणि मी सरळ चाचांच्या खोक्याकडे गेले. जत्रा जागी झालेली नव्हती. एक शेळी कालच्या पत्रावळी खात होती. चाचा स्टोव्हवर चहा करत होते.

"चाचा," मी म्हटलं, "काल मी काऊन हरली?"

त्यांनी मला नीट पाहिलं, मग ओळखलं. "अरे, पडदा पिळणारी बेटी! बैठ." चहा ओतता ओतता म्हणाले, "तू तो सच में गाडी पे बैठ गई थी. तेरा भाई कुर्सी पे बैठा था. बस, इतना फरक."

मग त्यांनी सांगितलं, आणि ते मी आजही विसरलेले नाही. गावोगावच्या जत्रांमध्ये ते वर्षभर हेच पाहत होते. सगळ्यात आधी ठोकतात ते ट्रकवाले. त्यांना आरशात मागं पाहायची सवय. आरसा नाही, तरी मान वळते, तेवढ्यात गाडी खड्ड्यात. शाळेतली पोरं मात्र पहिल्या फेरीतच पुलापार. "टीव्हीत काय आहे बेटी, काहीच नाही," ते म्हणाले. "थोडी हवा, थोडा धक्का, थोडी बू. एवढंच मी देतो. बाकी रस्ता माणूस आपल्या घरून घेऊन येतो. जिसने असली चलाई है, वो जास्त घेऊन येतो. म्हणून तो मरतो."

"मंग हवा-धक्का बंद करून द्या मले," मी म्हटलं.

सकाळी जनरेटरवर तसंही फक्त टीव्ही चालू होता. त्यांनी हात हलवला, बस म्हणाले. मी बसले. वारा नाही, वास नाही, खुर्ची मुकाट. पडदाही बांधून वर टाकलेला, बाजूला नदी दिसत होती. समोर काचेत एक चित्र होतं, त्यात एक चित्राचा रस्ता. माझा पाय दुमडला नाही. जीभ गप्प राहिली. मी मनगटं इकडून तिकडं केली, भावासारखी, आणि ट्रक चुकवले, पूल पार केला, शेवटची घंटा वाजवली. झाडाला खरचटलंसुद्धा नाही.

"शाब्बास!" चाचा म्हणाले. शेळीनं मान वर करून पाहिलं. माझी जीत पाहायला एवढेच दोघं.

मी धावत नदीवर गेले, ओलेत्या बाबांना हाताला धरून आणलं. पण तोवर चाचांनी सगळं सुरू केलं होतं, रांग लागली होती, रांगेत आमच्याच गावची चार माणसं होती. बाबा थांबले. "राहू दे वं," म्हणाले, "काल पाह्यलं न मी तुह्यं." आणि धोतर पिळत परत गेले. मी तिथं उभी राहून रडले, आणि रडताना मला भावाचं शांत मनगट दिसत होतं. त्यानं काहीच केलं नव्हतं. तो तिथं नव्हताच, म्हणून जिंकला. मी होते, म्हणून हरले. आणि बाबांनी नसलेल्याला काळीज आहे असं ठरवलं.

आमच्या गावचा पट आठ दिवसांवर होता. ते आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बाबांनी हुकूम सोडला, "तुह्यी हाक त्याले शिकव." म्हणजे जागा तर गेलीच, आता हाकही द्यायची! मी शिकवली. खोटी शिकवली नाही, देवाशपथ. टक् टक्, मग लांब होऽऽऽ. भावानं हुबेहूब उचलली. पण बैल मागं वळून पाहायचे, मी कुठं आहे म्हणून. भाऊ हाक मारायचा आणि कोसा कान हलवून उभाच. मी गोठ्याच्या दाराशी बसून हे पाहायची. तोंड वाकडं करून बसायची, पण आतून मला गुदगुल्या व्हायच्या.

आणखी एक मी पाहिलं. कासरा हातात घेतला की भावाच्या बोटांची टोकं पांढरी पडायची. खोक्यातल्या रस्त्यावर न लवणारी पापणी इथं सारखी लवायची. पोरगा भ्यालेला होता. मला ते दिसलं आणि मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण बरंच वाटलं.

पटाच्या आदल्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसला. मी सूप घेऊन तांदूळ पाखडत होते.

"बाई, तूच बस न वं धुरेवर," तो म्हणाला. "मी बाबाले सांगतो. माह्यानं नाई होणार."

हेच तर मला हवं होतं! पण त्याच्या हातून नको होतं. त्यानं नको म्हटलेलं उष्टं मी खाऊ? मला बाबांच्या तोंडून हवं होतं, सगळ्या गावासमोर.

"तुले देल्ली न जागा?" मी म्हटलं. "मंग बस मुकाट्यानं. मोटार चालवते न तू मोठा."

तो उठून गेला. नंतर बाबा आले. ते सुपाकडे पाहतच बोलले, "उद्या तू पट्टीच्या काठाले येऊ नोको. मागं, बायांच्या गाड्यांवर बस. अन् तोंड उघडायचं नाई. जनावर तुह्या आवाजाले वळते."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. बैल कोणाचे आहेत ते पुरतं ठाऊक होतं, आणि तरी! माझ्या हातातलं सूप तांदळासकट मी अंगणात फेकलं. आईनं येऊन दाणे वेचले.

पट भरला. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली, चहा-भज्यांची दुकानं लागली, लाऊडस्पीकरवर जोड्यांच्या मालकांचा पुकारा होऊ लागला. मी बायांच्या गाड्यांवर बसले होते. खरं म्हणजे बसले नव्हते, गाडीच्या दांडीवर चढून उभी होते, आणि आमची गाडी पट्टीपासून फार मागं नव्हती. मागं लावू दिली नाही मी.

आमच्या जोडीचा पुकारा झाला. भाऊ धुरेवर. डोक्याला नवा रुमाल, तोंड पांढरंफटक. झेंडा पडला. शेजारची जोडी सुटली, आमची दोन पावलं उशिरा सुटली. भाऊ हाक मारत होता, माझीच हाक, पण ती घशातून चिरकत होती. बैल पळत होते, नाही असं नाही, पण पळायचं म्हणून पळत होते. अर्ध्या पट्टीवर ते गाडीभर मागं होते. माझ्या बाजूच्या बाया म्हणत होत्या, "गेली, गेली पाटलाची जोडी."

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं? लोकांना मी नंतर सांगितलं, जोडी मागं पडली म्हणून राहवलं नाही, मदतीला हाक मारली. तेही होतं. ते आपले बैल होते, ते हरताना पाहून माझा जीव तुटत होता. पण त्याच्या खाली दुसरं होतं आणि ते मला चांगलं ओळखू येत होतं. मी छकड्यावर नाही, मी बाजूला आहे. बाजूनं हाक गेली तर बैल बाजूला येणार. हे मला चुलीत हात घातला तर भाजेल इतकं ठाऊक होतं. आणि मला वाटलं, येऊ देत. सगळ्या गावासमोर येऊ देत माझ्याकडे. बाबांना दिसू दे.

मी जीभ वाजवली आणि हाक मारली. होऽऽऽ!

दोघांचे कान उभे राहिले. असा वेग त्या दिवशी कोणत्याच जोडीनं धरला नसेल. पण तो झेंड्याकडे नाही, माझ्याकडे. पट्टी सोडून, दोर तोडून, माणसं पांगवत पांढरा आणि कोसा सरळ बायांच्या गाड्यांकडे आले. छकड्याचं एक चाक दगडावर चढलं. भाऊ उडाला आणि उजव्या हातावर पडला. बैल माझ्यासमोर येऊन थांबले, धापा टाकत, आणि कोशानं तोंड पुढं केलं. ढेप मागत होता, मेला.

लोक भावाकडे धावले. मी दांडीवर उभीच होते. बाबा आले ते आधी बैलांकडे गेले नाहीत, भावाकडेही गेले नाहीत. गर्दीच्या पलीकडून त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मग ते भावाला उचलायला वाकले.

गडचिरोलीला नेऊन त्याचा हात पलस्तरात घातला. मनगटाच्या वर दोन ठिकाणी मोडला होता. पुढचा एक दातही गेला. तो घरी आला तेव्हा आई शेतावर होती, म्हणून त्याला जेवू घालायचं काम माझ्याकडे आलं. मी वरणभात कालवून बसले होते, तो खाटेवर टेकून. बाबा दारात येऊन उभे राहिले. दोन दिवस त्यांनी माझ्याशी शब्द काढला नव्हता.

"एकच विचारतो," ते म्हणाले. "हाक कायले मारली? सावराले, का पाडाले?"

माझ्या हातात घास होता. खोटं बोलायला मी तोंड उघडलं होतं, हे खरं सांगते. पण माझ्याआधी भाऊच बोलला. दात गेल्यानं त्याचे शब्द फुसफुसत होते.

"अगा बाबा, काय इचारता? माह्यासाठीच मारली न तिनं. सुटल्यापासून मले मुताले यायचं राह्यलं होतं इतका भेव. मंग हिची हाक आली, अन् मले वाटलं हे छकड्यावरच आहे, माह्या मागं. एकदम भेव गेला माह्या. पडेपर्यंत मले वाटे, बाई आहे न."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग वळून गोठ्याकडे गेले. त्यानंतर त्यांनी ती जोडी कोणत्याच पटाला नेली नाही, आणि धुरेवर कोण बसणार हा प्रश्न आमच्या घरात पुन्हा कधी निघाला नाही.

मी घास भावाच्या तोंडात घातला. तो डोळे मिटून चावत होता, एका बाजूनं. आणि त्या घडीलासुद्धा मला त्याचा हेवाच वाटला. कारण त्या दिवशी मी धुरेवर असते आणि तो बाजूला, तर तसली हाक त्यानं मारलीच नसती.